गल्लीचा कादंबरीकार : वास्को प्रातोलिनी

लेखक होण्यासाठी किती शिकावे लागते? वर्गात बसून परीक्षांची तयारी करताना हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो. इटालियन कादंबरीकार वास्को प्रातोलिनी याच्या चरित्रात मला त्याचे एक उत्तर सापडले.

१९१३ साली फ्लॉरेन्समधील एका कामकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असतानाच आई वारली. तान्हा भाऊ परक्या घरी गेला. वास्को आजी-आजोबांपाशी वाढला. शाळा लवकर सुटली. छापखान्यात उमेदवारी आणि पोटासाठी पडेल ते काम करीत त्याने स्वतःच वाचन वाढविले. १९३५ साली क्षयाने गाठले आणि सुमारे दोन वर्षे आरोग्यधामात गेली.

तरुणपणी फॅसिझममधून गरिबांचे भले होईल, या भाबड्या आशेने तो फॅसिस्ट पत्रात लिहीत असे. ही गोष्ट झाकून त्याचा गौरव करणे मला योग्य वाटत नाही. लेखक व्हित्तोरिनीच्या सहवासात त्याची दृष्टी बदलत गेली. १९३८ साली कवी आल्फोन्सो गात्तोसह त्याने 'काम्पो दि मार्ते' हे नियतकालिक काढले. राजवटीच्या रोषामुळे ते लवकरच बंद पडले. पुढे जर्मनांच्या ताब्यातील रोममध्ये तो प्रतिकाराच्या लढ्यात उतरला.

१९४७ साली त्याची दोन पुस्तके आली. एकात तो मृत धाकट्या भावाशी बोलतो. दुसरे म्हणजे गरीब प्रेमिकांची बखर. फ्लॉरेन्समधील व्हिया देल कोर्नो ही चिंचोळी गल्लीच तिची नायिका. फॅसिस्टांच्या दहशतीच्या रात्री माचिस्ते हा नालबंद इतरांना सावध करण्यासाठी बाहेर पडतो आणि मारला जातो. १९५५ च्या 'मेतेल्लो'त एक गवंडी आणि १९०२ चा बांधकाम कामगारांचा संप आहे. त्या कादंबरीला व्हियारेज्जो पारितोषिक मिळाले; नायक लढ्यापेक्षा प्रेमातच अधिक रमतो, अशी टीकाही झाली. मला मात्र त्यामुळेच तो खरा माणूस वाटतो. संप करणाऱ्याला घर, बायको, मोह काहीच नसते काय?

१९९१ साली प्रातोलिनी रोममध्ये निवर्तला. शाळेने त्याला फारसे दिले नाही. गल्लीने जे दिले ते त्याने ग्रंथरूपाने परत केले. आपल्याला तर शाळा, महाविद्यालय, ग्रंथालय सारेच मिळाले आहे. आपण कोणाला काय परत करणार, हा प्रश्न त्याचे चरित्र आपल्यापुढे ठेवते.