सर डेव्हिड ब्रूस्टर : शोभादर्शकाचे जनक

नक्षीची एक आगळी गोधडी पाश्चात्त्य देशांतील भगिनी आवडीने शिवतात. एकच नक्षी पुन्हा पुन्हा छापलेले कापड घ्यावयाचे, नक्षीच्या नेमक्या त्याच जागेवरून सहा किंवा आठ एकसारखे त्रिकोण कापावयाचे आणि त्यांची टोके मध्यबिंदूशी जुळवून शिवावयाची. मूळ कापडावर कोठेही नसलेला तारा तेथे उमटतो. गोधडी अगदी लहान आकाराची असेल, तर कसोटी अधिकच कठीण. कारण चिमुकल्या त्रिकोणाचा मोठा वाटा शिवणीतच जातो आणि सुतभर चूक झाली तरी मध्य जुळत नाही. या गोधडीला नाव मिळाले ते शोभादर्शकावरून, म्हणजेच कॅलिडोस्कोपवरून. त्याचे जनक सर डेव्हिड ब्रूस्टर हे निष्ठावंत ख्रिस्ती होते.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १७८१ रोजी स्कॉटलंडमधील जेडबर्ग येथे झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. आपल्या चारही पुत्रांनी धर्मसेवेत जावे, अशी त्यांची मनीषा होती. डेव्हिड बाराव्या वर्षीच एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले आणि १८०४ मध्ये त्यांना उपदेश करण्याचा परवाना मिळाला. परंतु व्यासपीठावर उभे राहताच त्यांचा जीव घाबरा होई. अखेरीस जड अंतःकरणाने त्यांना तो मार्ग सोडावा लागला.

मग प्रकाशाचा अभ्यास हेच त्यांचे जीवितकार्य झाले. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणाविषयीचा त्यांचा नियम आजही त्यांच्याच नावाने शिकविला जातो. हे प्रयोग चालू असताना, १८१४ च्या सुमारास, परस्परांशी कोन करून ठेवलेल्या आरशांतील प्रतिमांनी त्यांचे लक्ष वेधले. आरशांतील कोन ६० अंशांचा असेल तर वर्तुळाचे सहा समान भाग दिसतात, ४५ अंशांचा असेल तर आठ. काचेचे क्षुल्लक तुकडेही त्यात सुव्यवस्थित आकृती धारण करतात. गोधडीतील त्रिकोणांचे गणित नेमके हेच आहे. कापड, गालिचे इत्यादींवरील नक्षीकामास हे साधन उपयोगी पडेल, असे त्यांनी स्वतःच १८१९ च्या आपल्या ग्रंथात सुचविले होते.

१८१७ मध्ये त्यांनी या साधनाचे पेटंट घेतले. मात्र त्याचा नमुना लंडनच्या कारागिरांच्या दृष्टीस पडला आणि सर्वत्र नकला होऊ लागल्या. त्यांच्याच अंदाजानुसार लंडन व पॅरिस येथे तीन महिन्यांत दोन लाख शोभादर्शक विकले गेले. जनकाच्या पदरी मात्र फारसे काही पडले नाही. तरीही त्यांचे संशोधन थांबले नाही.

खरी परीक्षा १८४३ मध्ये आली. मंडळीच्या आत्मिक कारभारात शासनाने व जमीनदारांनी हस्तक्षेप करू नये, या तत्त्वासाठी शेकडो पाळकांनी आपली घरे व वेतन सोडून फ्री चर्चची स्थापना केली. आपल्या मुंबईतील डॉ. जॉन विल्सन हेही त्याच पक्षास मिळाले. ब्रूस्टर तेव्हा सेंट अँड्र्यूज येथे प्राचार्य होते. प्रस्थापित चर्च सोडल्यास पद जाण्याचा धोका स्पष्ट होता. तरी ते फ्री चर्चमध्ये गेले. त्यांना पदच्युत करण्याची कारवाई सुरूही झाली, पण ती तडीस गेली नाही. पुढे १८५९ मध्ये ते एडिंबरो विद्यापीठाचे प्राचार्य झाले.

१० फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, मेलरोजजवळील आपल्या घरी ख्रिस्तावरील दृढ विश्वासात त्यांनी देह ठेवला. मेलरोजच्या प्राचीन मठाच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली.

वाचकहो, ज्या तरुणाला उपदेशकाचे व्यासपीठ पेलले नाही, त्यानेच पुढे आपल्या मंडळीसाठी प्राचार्यपद पणाला लावले. आपल्यापैकी कोणाचा सेवेचा एखादा मार्ग बंद झाला असेल, तर त्याने हे चरित्र आठवावे. आपल्या हाती दिसणारे तुकडे कोठे जोडावयाचे, हे प्रभू जाणतो.