लोखंड आणि माती : लक्ष्मणराव किर्लोस्कर

सोने कधी गंजत नाही. पण सोन्याच्या फाळाने शेत नांगरता येत नाही. शेतकऱ्याला लोखंडच हवे. आणि लोखंड हा धातू तर मोठा चंचल! हवेतील प्राणवायू आणि ओलावा यांची संगत मिळाली की तो आपले तेज टाकून तांबूस भुकटी होऊ लागतो. अशा या धातूवर ज्यांनी आपले सारे आयुष्य उभे केले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपल्या वार्षिकात सांगणे मला उचित वाटते. कारण मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा ज्या मुलखात एकाच अंगणात बोलल्या जातात, त्याच मुलखाने हा पुरुष दिला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. पण मुलाचे मन पोथीत किंवा पाठांतरात रमत नव्हते. त्याची ओढ दोनच गोष्टींची, चित्रे आणि यंत्रे. चित्रकला शिकण्यासाठी १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु तेथे काही काळाने असे आढळले की त्यांच्या डोळ्यांना सर्व रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि जिथे केवळ रेषेचे काम असते ते यंत्रांचे रेखाटन आत्मसात केले. त्याच विद्येच्या बळावर पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा त्यांनी ही नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथे बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्याला जोडून छोटा कारखाना निघाला. आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार झाला.

येथेच खरी परीक्षा होती. माल तयार होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. भांडवल अडकलेले, कारागिरांची मजुरी द्यायची, आणि माल दाराशी पडून!

त्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणून हसू नये. त्याच्या घरात जमिनीखेरीज दुसरी दौलत नव्हती. ती बिघडली तर पुढच्या पिढीने काय खावे, ही त्याची भीती रास्तच होती. फक्त वस्तुस्थिती उलटी होती. लोखंड मातीला खात नाही, मातीतला ओलावाच लोखंडाला खातो. गंज म्हणजे लोह आणि प्राणवायू यांचा संयोग. शेतातल्या तांबड्या मातीचा रंगही लोहाच्या अशाच संयुगांमुळे आलेला असतो. म्हणजे गंजणारा नांगर मातीत परके असे काहीच मिसळत नाही. जे खाणीतून आले तेच मातीला परत देतो. शिवाय जुन्या लाकडी नांगराचा फाळ तरी कशाचा होता? तोही लोखंडाचाच.

माती धातूवर काय करू शकते, याचा दाखला आपल्या हैदराबादजवळच आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या बीदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडी ओततात, त्यांत चांदी जडवतात, आणि मग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या द्रावणात ती बुडवतात. जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो. चांदी मात्र तशीच लखलखते. एकच माती, पण प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा.

लक्ष्मणरावांपुढचा प्रश्न असाच स्वभाव ओळखण्याचा होता. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात शेकडा दोन ते चार भाग कार्बन असला की ते ओतीव लोखंड होते. कठीण, पण ठिसूळ. सुरुवातीच्या नांगरांचे फाळ विलायती फाळांच्या तोडीचे कठीण नव्हते. ही तक्रार त्यांनी झटकून टाकली नाही. ओतकामातील उणीव शोधून ती दूर करण्यामागे ते लागले. मालाचा दर्जा हीच त्यांची जाहिरात ठरली.

धंदा मार्गी लागतो न लागतो तोच वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या भट्टीत वितळवण्यात आल्या. ज्या लोखंडाने एके काळी रणांगण गाजवले, त्याचे नांगर झाले! धातूचा हा मोठाच गुण आहे. त्याचा आकार मोडला तरी त्याचे मोल संपत नाही.

पुढे १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरांबरोबर चरक, पंप अशी यंत्रे निघू लागली. वाडीत अस्पृश्यता पाळली जात नसे, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपवले जाई. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मित्रहो, आपण पदवी घेऊन बाहेर पडू तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला असे न खपलेले चाळीस नांगर येतील. अशा वेळी गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवणे सोपे असते. लक्ष्मणरावांनी त्याची भीती समजून घेतली, तक्रार ऐकली आणि फाळ सुधारला. लोखंडाला रोज पुसून तेल लावावे लागते, तसेच विश्वासाचेही आहे. निगा सुटली की त्यालाही गंज चढायला वेळ लागत नाही.