पापानिकोलाऊंची काचपट्टी आणि गावचा डॉक्टर

काही शोध प्रयोगशाळेत लागतात. परंतु त्यांचे फळ समाजाच्या पदरात पडते ते गावोगावच्या दवाखान्यांतून. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आगाऊ सूचना देणाऱ्या ‘पॅप’ चाचणीचे जनक डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

१३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील एव्हिया बेटावर एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०४ मध्ये अथेन्सची वैद्यकीय पदवी मिळाल्यावर मुलाने आपल्याप्रमाणे गावीच व्यवसाय करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र संशोधनाकडे. म्युनिच येथे डॉक्टरेट संपादन करून १९१३ मध्ये ते पत्नी मेरीबाईंसह न्यूयॉर्कला आले. गाठीला पैसा जेमतेम आणि ओळखदेख नाही. या विद्वानाने काही काळ दुकानात गालिचे विकले, तर मेरीबाईंनी कपड्यांना बटणे लावून संसारास हातभार लावला.

पुढे कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना आसरा मिळाला. गिनीपिगच्या योनिस्रावाचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याची त्यांची पद्धत १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीच पद्धत त्यांनी स्त्रियांच्या बाबतीत योजिली, तेव्हा वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने देण्याचे काम मेरीबाईंनीच केले. या अभ्यासातच त्यांना कर्करोगाच्या विकृत पेशी आढळल्या. १९२८ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष मांडला. पण ऊतीचा तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशींवर विसंबायचे कशाला, असा तज्ज्ञांचा सूर होता. रुमानियातील ऑरेल बाबेश यांनाही त्याच सुमारास असेच यश आले होते, तेही दुर्लक्षितच राहिले. अखेर हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्याने १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा वैद्यकविश्वाचे डोळे उघडले.

या चाचणीचे मर्म काळात आहे. हा रोग एका रात्रीत होत नाही. विकृतीची पहिली खूण उमटल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे जातात, आणि त्या अवधीत ती खूण सापडली तर किरकोळ उपचाराने स्त्री वाचते. म्हणूनच पापानिकोलाऊ पुढील काळात शिकवण्याकडे वळले. काचपट्टी वाचण्याचे शिक्षण त्यांनी असंख्य डॉक्टरांना व तंत्रज्ञांना दिले, १९५४ मध्ये पेशींचा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

संपन्न देशांत या चाचणीने मृत्यू झपाट्याने घटविले. आपल्याकडे तसे घडले नाही. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाकाठी या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळतात आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही. कारण उघड आहे. काचपट्टीला प्रयोगशाळा लागते, ती वाचणारा जाणकार लागतो आणि अहवालासाठी स्त्रीला पुन्हा यावे लागते.

यावर महाराष्ट्रानेच दोन उत्तरे शोधली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून साध्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण दिले. व्हिनेगरमधील सौम्य आम्ल गर्भाशयमुखास लावले की विकृत भाग पांढुरका दिसतो. दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या पाहणीत विषाणूच्या एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. मात्र एकदाच केलेली पॅप किंवा आम्लाची चाचणी तेथे अपुरी ठरली. तपासणी पुनःपुन्हा व नीट झाली पाहिजे, हा त्याचा अर्थ.

आता नाशिककडे पाहू. सुरगाणा वा पेठ तालुक्यातील मजूर स्त्रीला शहरातील मोफत तपासणी मोफत पडत नाही. तिची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, शिवाय दुखत नसताना डॉक्टरकडे कशाला, हा घरचा सवाल असतोच. अर्थशास्त्राच्या भाषेत खरी किंमत ती हीच. ती कमी करण्याचा मार्ग एकच: तिच्या ओळखीच्या, बाजारगावातल्या डॉक्टरला हे काम शिकविणे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद व परिचर्या या सर्वांचे शिक्षण त्याच्या कक्षेत येते. प्रशिक्षण मात्र प्रमाणपत्रापुरते नको. प्रत्यक्ष हाताखाली सराव, वेळोवेळी फेरतपासणी आणि दोष आढळलेल्या स्त्रीला उपचारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था, ही तिन्ही अंगे हवीत.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे पापानिकोलाऊ गावचे डॉक्टर झाले नाहीत. परंतु त्यांच्या आयुष्यभराच्या श्रमाचे चीज करणे आज त्या गावच्या डॉक्टरच्याच हाती आहे, आणि त्याचा हात तयार करणे हे शासनाचे व समाजाचे कर्तव्य होय.