मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि स्कुटारीचें इस्पितळ

हातांत दिवा घेऊन रात्रीं रुग्णांच्या रांगांमधून हळूहळू जाणारी एक कृश स्त्री, हें चित्र आमच्या बहुतेक वाचकांनीं क्रमिक पुस्तकांत पाहिलें असेल. तें चित्र खोटें नव्हे. परंतु त्यांतील दिवा मात्र पुष्कळ चित्रकारांनीं आपल्या मनाप्रमाणें रंगविला आहे. बाईंच्या हातीं असे तो साधा घडीचा तुर्की कंदील होता, प्राचीन काळचा चोंचीचा दिवा नव्हता. जी दिव्याची गोष्ट तीच बाईंच्या चरित्राची. लोकांनीं त्यांतील कोमल भाग तेवढा उचलला, आणि जो खरोखर कठीण व मनाला चटका लावणारा भाग तो बाजूस ठेवला. तो भाग आमच्या विद्यार्थ्यांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म इ. स. १८२० च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, आणि त्या शहराचेंच नांव तिला मिळालें. वडील विल्यम नाइटिंगेल हे श्रीमंत गृहस्थ असून डर्बीशायरांत ली हर्स्ट व हॅम्पशायरांत एम्ब्ली अशीं त्यांचीं दोन प्रशस्त घरें होतीं. त्यांनीं आपल्या दोन्ही मुलींस लॅटिन, ग्रीक व इतिहास हे विषय घरींच स्वतः शिकविले. धाकटीला त्याहून गणिताची गोडी अधिक. आईला मात्र ती गोडी मुळींच पसंत नव्हती. वयाच्या सतराव्या वर्षीं, इ. स. १८३७ त, ईश्वर आपणांस कांहीं विशेष सेवेसाठीं बोलावीत आहे असें फ्लॉरेन्सला वाटलें. पण ती सेवा कोणती हें समजण्यास कित्येक वर्षें गेलीं, आणि समजल्यावर घरच्यांची संमति मिळण्यास आणखी वर्षें गेलीं. त्या काळीं इंग्लंडांत रुग्णशुश्रूषेचा धंदा कुलीन स्त्रियांचा मानला जात नसे; इस्पितळांतील दाया म्हणजे अडाणी व मद्यपी बायका अशीच समजूत होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. चांगलें स्थळ चालून आलें असतां तें नाकारून मुलीनें इस्पितळाचा हट्ट धरावा, याचें आईस किती दुःख झालें असेल याची कल्पना आमच्या वाचकांतील आईबापांस सहज येईल. शेवटीं इ. स. १८५१ त जर्मनींतील कैसरस्वर्थ येथें पाद्री फ्लीड्नर यांच्या संस्थेंत तीन महिने राहून बाईंनीं शिक्षण घेतलें, आणि इ. स. १८५३ त लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका लहानशा संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेव्हां त्यांचें वय तेहतीस होतें.

पुढच्याच वर्षीं युद्ध पेटलें. रशियाविरुद्ध तुर्कस्तानच्या साहाय्यास इंग्लंड व फ्रान्स उभे राहिले, आणि इ. स. १८५४ च्या सप्टेंबरांत दोस्तांच्या फौजा काळ्या समुद्रांतील क्रिमिया द्वीपकल्पावर उतरल्या. जखमी व आजारी शिपायांस गलबतांत घालून सुमारें तीनशें मैलांवर, कॉन्स्टँटिनोपलच्या समोर बॉस्फरसच्या पलीकडील तीरावर, स्कुटारी येथें आणीत. तेथें तुर्कांनीं आपली एक अवाढव्य बराक इंग्रजांस इस्पितळासाठीं दिली होती. तेथील दुर्दशेचीं वर्णनें लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत येऊं लागतांच देशांत हलकल्लोळ उडाला. युद्धखात्याचे मंत्री सिड्नी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांनीं बाईंस जाण्याविषयीं पत्र लिहिलें, आणि त्याच सुमारास बाईंनींही आपण होऊन जाण्याची तयारी कळविली होती; दोन्ही पत्रें वाटेंत एकमेकांस ओलांडून गेलीं. ऑक्टोबरच्या २१ व्या तारखेस अडतीस परिचारिका बरोबर घेऊन बाई निघाल्या, आणि ४ नोव्हेंबर रोजीं स्कुटारीस पोंचल्या. दुसऱ्याच दिवशीं इंकरमनची घनघोर लढाई झाली.

बाईंनीं तेथें काय पाहिलें? बराकीच्या चारी बाजूंच्या लांबच लांब पडव्यांत शिपाई दाटीनें निजलेले. बिछाने एकापुढें एक मांडले तर ती रांग चार मैल भरली असती. उंदीर, पिसवा व उवा यांचा सुकाळ. पण टॉवेल, साबण, वाट्या, सुऱ्या, जमीन घासण्याचे ब्रश या वस्तूंचा दुष्काळ. कित्येक शिपाई रणांगणावरच्याच रक्तानें भरलेल्या कपड्यांत पडून होते. स्वयंपाकाची तऱ्हा तर सांगावी तेवढी थोडी. प्रत्येकाच्या वांट्याचें मांस हाडासकट तोलून देत, म्हणून एखाद्याच्या वांट्यास नुसतें हाडच येई. प्रत्येक खोलीचा शिपाई आपल्या मांसाच्या गांठोड्यास चिंधी किंवा खिळा अशी कांहीं खूण बांधून तें मोठ्या हंड्यांत टाकी. शेवटचें गांठोडें शिजण्यापूर्वीं पहिलें थंड होऊन जाई. हाडें काढून मांस वांटावें असें बाईंनीं सुचविलें, तर त्यासाठीं लष्कराचा नवा नियम करावा लागेल असें उत्तर मिळालें!

डॉक्टरांना तर या स्त्रियांचें येणेंच रुचलें नव्हतें. बाईंनीं तेथें जें धोरण स्वीकारलें तें आमच्या मतें त्यांच्या साऱ्या चरित्रांत अत्यंत शहाणपणाचें होय. डॉक्टरांनीं बोलाविल्यावांचून आपल्या एकाही परिचारिकेनें रुग्णाजवळ जाऊं नये, असा त्यांनीं कडक हुकूम केला. समोर माणसें तळमळत असतां अडतीस स्त्रिया बसून सदरे व मलमपट्ट्या शिवीत होत्या. कित्येकींस हें क्रूरपणाचें वाटलें. पण इंकरमनचे जखमी लोंढ्यासारखे येऊन पडूं लागले तेव्हां डॉक्टरांस आपण होऊन मदत मागावी लागली, आणि एकदां उघडलेलें दार पुन्हां बंद झालें नाहीं. बाईंनीं 'टाइम्स' पत्राच्या मदतनिधींतून व स्वतःच्या पैशांतून बाजारांत सामान खरेदी केलें. एक घर भाड्यानें घेऊन त्यांत पाणी तापविण्याचे हंडे बसविले, व शिपायांच्या बायकांकडून धुण्याचें काम सुरू केलें. बराकीचा पडका भाग दुरुस्त करण्यास सरकारी मंजुरी वेळेवर मिळेना, तेव्हां सुमारें दोनशें कामकरी स्वतः लावून त्यांनीं आठशें रुग्णांची सोय केली. रात्रीं सर्व शांत झाल्यावर त्या कंदील घेऊन फिरत हें खरेंच आहे. परंतु त्यानंतर पहाटेपर्यंत त्या टेबलाशीं बसून पत्रें, हिशेब व मागण्यांच्या याद्या लिहीत, हें चित्र कोणी काढलें नाहीं.

पलीकडे क्रिमियांत छावणीची स्थिति याहून बरी नव्हती. १४ नोव्हेंबरच्या प्रचंड वादळांत तंबू उडाले, बंदराबाहेर गलबतें फुटलीं, आणि 'प्रिन्स' नांवाच्या गलबताबरोबर फौजेचे हिंवाळी कपडे समुद्राच्या तळीं गेले. बालाक्लावा बंदरापासून छावणीपर्यंतचा सहा-सात मैलांचा रस्ता चिखलानें बुजला. घोडे उपासमारीनें मेले. बंदरावर सामान कुजत असतां छावणींत माणसें उपाशी राहिलीं. शिपायांस कॉफी मिळे ती हिरव्या, न भाजलेल्या बियांची. सरपण नाहीं, भाजण्यास भांडें नाहीं, दळण्यास जातें नाहीं. मग त्या बियांचें करावें काय? खंदकांत ओल्या कपड्यांनीं रात्र काढलेलीं हीं माणसें हगवण, ज्वर व हिमदंश यांनीं खचून स्कुटारीस येत, आणि तेथें मरत.

येथें आम्ही वाचकांस थोडें थांबण्याची विनंति करतों. बाई आल्या आणि मृत्यु हटला, अशी जी गोष्ट सांगण्यांत येते ती तशी घडली नाहीं. बाई आल्यानंतरच्या हिंवाळ्यांत स्कुटारीचे मृत्यु वाढतच गेले. इ. स. १८५५ च्या फेब्रुवारींत तें प्रमाण शेंकडा ४२ च्या वर गेलें. अन्न सुधारलें होतें, कपडे स्वच्छ झाले होते, शुश्रूषा चालू होती. तरी माणसें मरतच होतीं. कारण पायांखालीं होतें. ती सारी बराक तुंबलेल्या गटारांवर व मैल्याच्या विहिरींवर उभी होती, आणि वाऱ्याला खिडक्या उघड्या नव्हत्या. मार्च महिन्यांत डॉक्टर सदरलंड व इंजिनिअर रॉलिन्सन हे ज्यांत होते तें आरोग्यमंडळ इंग्लंडहून आलें. त्यांनीं शेंकडों हातगाड्या केर बाहेर काढला, मेलेलीं जनावरें पुरलीं, गटारें धुवून काढलीं, भिंतींस चुना दिला. इस्पितळाच्या पाण्याच्या नळांत एक मेलेला घोडा सांपडला. तेंच पाणी रुग्ण पीत आले होते. जून महिन्यांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दोनाच्या जवळ आलें.

मे महिन्यांत बाई क्रिमियांतील इस्पितळें पाहण्यास बालाक्लावा येथें गेल्या, आणि तेथें त्यांस भयंकर ज्वर आला. बाई कांहीं दिवस मृत्यूच्या दारीं होत्या. बऱ्या झाल्यावर घरीं परत जाण्याचा सल्ला सर्वांनीं दिला, तो त्यांनीं मानला नाहीं. (याच छावणीजवळ जमेकाच्या मेरी सीकोल या बाईंनीं स्वतःच्या खर्चानें खाणावळ उघडून शिपायांची सेवा केली. त्यांचें नांव दीर्घकाळ विस्मृतींत राहिलें. तें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.) शिपाई म्हणजे दारू पिणारा पशु, ही अधिकाऱ्यांची समजूत बाईंस मान्य नव्हती. त्यांनीं वाचनालय उघडलें, कॉफीचें दुकान काढलें, आणि शिपायांचा पगार त्यांच्या घरीं पाठविण्याची सोय केली. शिपाई खरोखर पैसे पाठवूं लागले, तेव्हां टीकाकारांचीं तोंडें बंद झालीं.

इ. स. १८५६ च्या मार्चअखेर पॅरिस येथें तह झाला. जुलैच्या २८ व्या तारखेस बाई स्कुटारीहून निघाल्या. देश त्यांच्या स्वागताची तयारी करीत होता. पण बाई मिस स्मिथ असें नांव धारण करून गुपचूप आल्या, आणि स्टेशनापासून एकट्याच चालत ली हर्स्टच्या घरीं पोंचल्या.

पुढें जें झालें तें आम्हांस दिव्याच्या चित्राहून थोर वाटतें. विल्यम फार या सांख्यिकी जाणणाऱ्या गृहस्थांच्या साहाय्यानें बाई युद्धांतील मृत्यूंचे आंकडे मांडूं लागल्या. रणांत व जखमांनीं मेलेले इंग्रज शिपाई पांच हजारांहून कमी, आणि रोगांनीं मेलेले सोळा हजारांहून अधिक. त्यांतही स्कुटारी, म्हणजे ज्या इस्पितळांत त्या स्वतः रात्रंदिवस झटल्या तेंच, मृत्यूंच्या बाबतींत सर्वांत वाईट ठरलें. आजारी शिपाई छावणींतल्या तंबूंत राहिला असता तर त्याची जगण्याची आशा अधिक होती. साऱ्या जगानें जिच्या नांवाचीं गाणीं गाइलीं, तिला स्वतःच्याच कागदावर हें उत्तर मिळालें. तें लपविणें सोपें होतें. बाईंनीं तें लपविलें नाहीं. उलट रंगीत वर्तुळाकृति आराखडे काढून मंत्र्यांस समजेल अशा रीतीनें आंकडे पुढें ठेवले, आणि बराकी, गटारें व इस्पितळें सुधारल्यावांचून सरकारला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. प्रकृति ढांसळल्यामुळें हें बरेंचसें काम त्यांनीं बिछान्यावरूनच केलें. लोकांनीं जमविलेल्या निधींतून इ. स. १८६० त लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत त्यांच्या नांवाची परिचारिका-शाळा निघाली.

हिंदुस्थानांत त्या कधींही आल्या नाहींत. पण या देशांतील गोऱ्या पलटणींत दर हजारीं ६९ शिपाई दर वर्षीं मरतात, हें इ. स. १८६३ च्या चौकशींत उघड करण्यांत त्यांचा मोठा हात होता. तेथून त्यांची दृष्टि छावणीबाहेर, खेड्यांतल्या विहिरी, दुष्काळ व शेतकऱ्यांचें कर्ज यांकडे वळली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला.

उतारवयांत त्यांची दृष्टि गेली. इ. स. १९०७ त त्यांस 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा मान मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. इ. स. १९१० च्या ऑगस्टच्या १३ व्या तारखेस, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, त्या लंडन येथें निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबींत समाधि देण्याची सूचना आप्तांनीं नाकारली. ईस्ट वेलो या गांवच्या देवळाच्या आवारांत, आईबापांच्या शेजारीं, त्यांस पुरलें. दगडावर त्यांच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूच्या तारखा एवढेंच कोरलें आहे.