सीमेपार नेणारी हॅरिएट टबमन

राष्ट्रपिता महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना तो अर्पण केला. चळवळीत वाढलेल्या प्रत्येकाला ही अर्पणपत्रिका ठाऊक असते. परंतु गुलामांची मुक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अब्राहम लिंकन उभे राहतात आणि आपण तेथेच थांबतो. गुलाम स्वतः काय करीत होते? इथल्या अस्पृश्यांचा उद्धार सवर्ण सुधारकांनी केला असे कोणी म्हटले तर आपण ते ऐकून घेत नाही. मग अमेरिकेच्या इतिहासाला वेगळा न्याय कशासाठी? हॅरिएट टबमन या निरक्षर कृष्णवर्णीय बाईचे चरित्र म्हणूनच आपल्या घराघरात माहीत असायला हवे.

मेरीलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात १८२२ च्या सुमारास तिचा जन्म झाला. जनावराच्या जन्माची नोंद ठेवावी तेवढीही गुलामाच्या लेकराची ठेवली जात नसे, म्हणून नेमकी तारीख नाही. आईबापांनी ठेवलेले नाव अरामिंटा, घरात मिंटी. सहा-सात वर्षांची असल्यापासून तिला दुसऱ्यांच्या घरी भाड्याने दिले जाई. कधी लेकरू सांभाळायला, कधी थंडगार पाणथळीत उतरून उंदरांसारख्या जलचर प्राण्यांचे सापळे तपासायला. चाबकाचे वळ मरेपर्यंत तिच्या मानेवर होते. किशोरवयात एका दुकानात पळणाऱ्या गुलामावर मुकादमाने दोन पौंडांचे वजन फेकले, ते हिच्या डोक्यात बसले. तेव्हापासून बोलता बोलता, चालता चालता तिला एकाएकी झोपेची झापड येई. हा आजार तिला जन्मभर चिकटला. बाप बेन रॉस जंगलात लाकूडतोडीचे काम करी. त्याच्याबरोबर राबताना तिने रान वाचायला शिकून घेतले. अक्षर कधी शिकता आले नाही, पण रान, ओढे आणि तारे तिला पाठ होते.

१८४९ च्या मार्चमध्ये मालक मेला. कर्ज फेडण्यासाठी त्याची विधवा गुलाम विकणार, हे उघड होते. हॅरिएटच्या तीन बहिणी पूर्वीच दक्षिणेत विकल्या गेल्या होत्या आणि त्यांचे पुढे काय झाले ते घरच्यांना कधीच कळले नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ती दोन भावांसह पळाली. भाऊ घाबरून परतले. ३ ऑक्टोबर १८४९ ची मालकिणीची जाहिरात आज उपलब्ध आहे. तिघांपैकी प्रत्येकाला राज्याबाहेर पकडले तर शंभर डॉलर, राज्यात पकडले तर पन्नास. त्यानंतर हॅरिएट एकटीच निघाली. सुमारे दीडशे किलोमीटर अंतर रात्री चालून, दिवसा लपून तिने पेनसिल्व्हानियाची हद्द ओलांडली. तेथे गुलामगिरी नव्हती.

पण पुढच्याच वर्षी ही हद्द निरुपयोगी झाली. १८ सप्टेंबर १८५० रोजी पळपुट्या गुलामांविषयीचा कायदा मंजूर झाला. मुक्त राज्यात पोहोचलेल्या गुलामालाही पकडून मालकाच्या स्वाधीन करणे आता सरकारी कर्तव्य ठरले. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देण्याचा हक्क नव्हता, ज्यूरी नव्हती. गुलामाला आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद. आणि निवाडा करणाऱ्या आयुक्ताला काय मिळे? माणूस गुलाम ठरवला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच! कायदा विषमतेचा चाकर झाला की त्याची भाषा कशी होते, हे आपल्याला मनुस्मृती जाळणाऱ्या बाबासाहेबांनी शिकवले आहे. अमेरिकेतल्या या कायद्यात ते आकड्यांत वाचायला मिळते. देशभर खळबळ उडाली. बोस्टन, सिरॅक्यूज, ख्रिस्तियाना येथे पकडलेल्या वा पकडल्या जाणाऱ्या माणसांना सोडवण्यासाठी दंगे झाले. हजारो कृष्णवर्णीयांनी उत्तरेकडच्या शहरांतली घरे सोडून शेजारच्या कॅनडाची वाट धरली. कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होता आणि तेथे १८३४ पासून गुलामगिरी कायद्याने संपली होती. हॅरिएटनेही ठरवले की, आपल्या माणसांना आता सीमेपलीकडे न्यायचे.

तिचे खरे थोरपण येथून पुढे आहे. तिच्या अंगी दैवी शक्ती होती, देव तिला वाट दाखवी, असे लिहिणारे पुष्कळ आहेत. ती स्वतः श्रद्धाळू होती, हे खरे. परंतु तिने कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने, कोणाच्या भरवशावर माणसे नेली हे पाहिले की, चमत्काराची गरज उरत नाही. उरते ते डोके, शिस्त आणि विश्वासू माणसांचे जाळे.

ती बहुधा शनिवारी रात्री निघे. रविवारी गुलामांना कामाला सुट्टी असे. माणूस नाहीसा झाल्याचे सोमवारी लक्षात येई आणि त्याआधी जाहिरात छापून येणे शक्य नसे. म्हणजे पाठलाग सुरू होण्यापूर्वी हातात एक दिवस आणि दोन रात्री. हंगाम ती पुष्कळदा हिवाळ्याचा निवडी. रात्री लांबलचक, लोक घरात शेकोटीजवळ. मालकाच्या मळ्यात ती सहसा पाऊल टाकत नसे. काही मैलांवरची एखादी स्मशानभूमी वा रानातली जागा सांगून ठेवी आणि लोकांनी तेथे यायचे. वास मोडण्यासाठी ओढ्यातून चालायचे. धोका आहे की वाट मोकळी आहे, हे ती भजनाच्या चालीवरून लपलेल्यांना कळवी. तान्ह्या लेकरांना अफूचा अर्क पाजून निजवले जाई. आपल्याकडेही कामावर जाणाऱ्या मजूर बाया लेकराला अफूची मात्रा देत, ते आठवावे. जाहिराती चिकटवल्या की त्या फाडायला ती माणूस लावी. आणि धोका फारच वाटला तर ती सगळ्यांना घेऊन दक्षिणेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसे. पळणारा गुलाम उलट दिशेने, गुलामगिरीच्याच मुलखात जाईल, असा संशय कोणाला येणार?

तिच्याजवळ पिस्तूल असे. ते पाठलाग करणाऱ्यांसाठी होते, तसेच वाटेत कच खाऊन परत फिरू पाहणाऱ्यासाठीही होते. काही शहाण्यांना हे क्रूर वाटते. परत गेलेल्या माणसाला चाबकाखाली घातले की तो आसरा देणारी सगळी घरे सांगणार, आणि मग त्याच्या मागून येणाऱ्यांची वाट बंद होणार. एकाच्या भीतीपायी शंभरांचा रस्ता जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. पिस्तूल तिने कोणावर झाडल्याची नोंद नाही.

या वाटेला भुयारी रेल्वे म्हणत. भुयारही नव्हते आणि रूळही नव्हते. स्टेशन म्हणजे आसऱ्याचे घर, कंडक्टर म्हणजे वाटाड्या. विल्मिंग्टनला थॉमस गॅरेट हे गोरे क्वेकर व्यापारी, फिलाडेल्फियात विल्यम स्टिल हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते. स्टिल यांनी आलेल्या प्रत्येकाची नोंद लिहून ठेवली, म्हणून आज हा इतिहास पुराव्यानिशी सांगता येतो. चळवळीत दप्तर सांभाळणाऱ्याचे मोल किती असते ते यावरून कळावे.

१८५४ सालचा नाताळ पाहा. हॅरिएटचे तीन भाऊ, बेन, रॉबर्ट आणि हेन्री, नाताळनंतर लगेच लिलावात विकले जाणार होते. तिने जेकब जॅक्सन या साक्षर, मुक्त कृष्णवर्णीयाला दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहवून घेतले. ते गोऱ्यांनी आधी फोडून वाचले, पण त्यांना अर्थ लागेना. जॅक्सनने वाचताच सगळे ओळखले आणि मला काही कळत नाही, पत्र माझे नसावे, असे सांगून तो सरळ भावांकडे गेला. ठरल्या रात्री रॉबर्टची बायको बाळंत होत होती. तो अडकला, पण हॅरिएट कोणासाठी थांबत नसे. मुलगी जन्मली आणि तिला आईजवळ सोडून तो धावत मागून आला. सगळे आईबापाच्या झोपडीजवळ कडब्याच्या खोपटात लपले. आई रिट सणाच्या जेवणाला पोरे येतील म्हणून वाट पाहत होती. तिला कळले असते तर तिने हंबरडा फोडला असता, म्हणून तिला सांगितलेच नाही. फटीतून लेकरांनी तिला चुलीशी बसलेली पाहिली, तेवढेच. बापाला मात्र सांगितले होते. बेन रॉसने अन्न आणून दिले, पण पोरांकडे पाहिले नाही. निरोप द्यायला काही अंतर तो बरोबर चालला, तेही डोळ्यांना रुमाल बांधून. पुढे शोध घेणारे आले तेव्हा आपण या नाताळात एकाही मुलाला पाहिलेले नाही, असे त्याने सांगितले, आणि ते खोटे नव्हते.

१८५६ च्या नोव्हेंबरमध्ये जो बेली या धिप्पाड गुलामावर दीड हजार डॉलरचे इनाम होते आणि विल्मिंग्टनच्या पुलावर पहारा बसला होता. गॅरेट यांनी दोन गाड्या भरून गवंडी कामगार दिवसाढवळ्या गात-ओरडत पुलापलीकडे पाठवले. पहारेकऱ्यांनी त्यांना जाताना पाहिले. रात्री त्याच गाड्या तशाच गात परतल्या. गाड्यांच्या तळाशी हॅरिएट आणि तिची माणसे होती. पुढे नायगाराच्या झुलत्या पुलावरून आगगाडी कॅनडात शिरत असताना सगळे धबधबा पाहत होते, बेली मात्र डोके हातांत धरून खाली बसला होता. सीमा ओलांडली हे कळल्यावरच त्याने मान वर केली.

जुन्या चरित्रात तिच्या एकोणीस फेऱ्या आणि तीनशे माणसे असे आकडे आहेत. तिच्या डोक्यावर चाळीस हजार डॉलरचे इनाम होते असेही लिहिले जाते. अलीकडच्या संशोधनाने हे टिकत नाही. फेऱ्या सुमारे तेरा, माणसे सत्तरच्या आसपास. शिवाय तिने वाट सांगितलेले आणखी कितीतरी. मला हा खरा आकडाच मोठा वाटतो. आपल्या महापुरुषांच्या चरित्रात आकडे फुगवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: सत्तर माणसे, त्यात म्हातारी आणि तान्ही, आणि एकही पकडले गेले नाही. यासाठी पैसा कोठून आला? हॉटेलात स्वयंपाक करून, कपडे धुऊन, थोड्या वर्गणीतून. पहिल्या कमाईतून १८५१ साली ती नवऱ्यासाठी नवा सूट घेऊन परतली, तर त्याने दुसरे लग्न केलेले. ती दुसऱ्यांना घेऊन निघाली.

१८५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी नव्हे, ते वर्ष १९५६ चे; शिकलेला आपला वर्ग समाजाकडे वळून पाहत नाही, हे दुःख त्यांनी तेथे बोलून दाखवले होते. हॅरिएट शिकलेली नव्हती. ती सुटली होती, आणि सुटलेल्या माणसाने परत जाण्याची सक्ती तिच्यावर कोणी केली नव्हती. दर खेपेला पकडले जाण्याचा धोका तोच होता, ती तेरा वेळा गेली.

सगळेच जमले नाही. बहीण रेचेल आपल्या दोन लेकरांना सोडून निघायला तयार नव्हती आणि लेकरे दुसरीकडे ठेवलेली होती. अनेक प्रयत्न झाले. १८६० च्या अखेरीस हॅरिएट पोहोचली तेव्हा रेचेल मरण पावली होती. लेकरांना काढण्यासाठी लाच द्यायला तीस डॉलर हवे होते, ते तिच्याजवळ नव्हते. तीस डॉलर! रिकाम्या हाताने न परतता तिने एन्नल्स कुटुंबाला तान्ह्या बाळासह आणले. ही तिची शेवटची फेरी. त्याच डिसेंबरात साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटले आणि काही महिन्यांत यादवी युद्ध पेटले.

युद्धात ती परिचारिका, स्वयंपाकीण, हेर असे सगळे झाली. २ जून १८६३ रोजी कोम्बाही नदीवरील चढाईत तिने काढलेल्या माहितीच्या आधारे कर्नल माँटगोमेरी यांच्या कृष्णवर्णीय सैनिकांनी एका रात्रीत सातशेहून अधिक गुलामांना सोडवले. युद्ध संपल्यावर लष्करी पास घेऊन ती आगगाडीने घरी निघाली, तेव्हा कंडक्टरने तिला ओढून सामानाच्या डब्यात टाकले. त्यात तिचा हात मोडला. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरून गोरेगावला निघालेल्या लहान भीमरावांना गाडीवानाने गाडी हाकायला नकार दिला आणि रात्रभर पाणी मिळाले नाही, तो प्रवास आपल्याला माहीत आहे. गुलामी कायद्याने गेली तरी रस्ता मोकळा होत नाही.

ऑबर्न या गावी आईबापासह ती राहिली, अनाथ-म्हाताऱ्यांना घरात घेतले, त्यांच्यासाठी आश्रम उभारला आणि शेवटी त्याच आश्रमात १० मार्च १९१३ रोजी वारली. त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. लष्करी सेवेच्या मोबदल्यासाठी तिला तीस वर्षांवर अर्ज करावे लागले. १८९५ साली महिना आठ डॉलर मंजूर झाले, तेही मृत सैनिकाची विधवा म्हणून. १८९९ साली परिचारिकेच्या कामाबद्दल बारा डॉलर वाढवून वीस झाले. हेरगिरीबद्दल आणि कोम्बाहीबद्दल काहीही नाही.