पायाची शीर हृदयाला जोडणारा खेडेगावचा डॉक्टर

रांजणगाव एमआयडीसीतला कामगार असो वा शिरूर-दौंडचा शेतकरी, बायपास झालेल्या माणसाच्या छातीवर व्रण असतो, तसा बहुधा पायावरही असतो. पायाची शीर हृदयाला जोडण्याची ही शस्त्रक्रिया जगभर रूढ करणारे डॉ. रेने फाव्हालोरो हे मुळात खेडेगावचे डॉक्टर होते.

त्यांचा जन्म १२ जुलै १९२३ रोजी अर्जेंटिनातील ला प्लाता शहरात झाला. वडील सुतार, आई शिवणकाम करणारी. डॉक्टर झाल्यावर सरकारी रुग्णालयात कायम होण्यासाठी सत्ताधारी पक्षावर निष्ठा असल्याचे लिहून द्यायचे होते. त्यांनी नकार दिला. १९५० मध्ये हासिंतो आराउस या लहान गावात आजारी डॉक्टरच्या जागी ते तात्पुरते गेले आणि बारा वर्षे राहिले. भावाच्या मदतीने त्यांनी तिथे शस्त्रक्रियागृह उभारले, रक्तदात्यांची यादी तयार ठेवली, सुईणींना शिकवले.

१९६२ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये नव्याने शिकायला गेले. डॉ. मेसन सोन्स यांच्या अँजिओग्राफीच्या फिल्म ते तासन् तास पाहत. मूत्रपिंडाच्या तुंबलेल्या धमनीसाठी पायाची शीर तिथे वापरली जात होतीच. ९ मे १९६७ रोजी त्यांनी ती ५१ वर्षांच्या महिलेच्या हृदयाच्या धमनीसाठी वापरली. शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. पायाचे रक्त खोलवरच्या शिरांतून परत जात राहते.

१९७१ मध्ये ते मायदेशी परतले. १९७५ मध्ये त्यांनी संस्था स्थापन केली. पुढे देश आर्थिक संकटात सापडला, विमा संस्थांकडची येणी थकली, कर्ज वाढले. मदतीची पत्रे निष्फळ ठरली. २९ जुलै २००० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. असंख्य हृदयांना आधार देणाऱ्या डॉक्टरला स्वतःला वेळेवर आधार मिळाला नाही.

त्यांच्या काळी शीर काढायला पायावर लांबलचक छेद घ्यावा लागे. मधुमेही रुग्णांची ही जखम अनेकदा चिघळते. आता गुडघ्याजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बिणीने शीर काढता येते. वेदना आणि जंतुसंसर्ग कमी होतो. मात्र शिरेला इजा होऊ नये म्हणून हात सरावाचा लागतो. बायपास ठरली असेल तर शीर कशी काढणार, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. घरी आल्यावर छातीइतकीच पायाच्या जखमेचीही काळजी घ्यावी. लाली, पू किंवा ताप दिसताच रुग्णालय गाठावे.