याद्या करणारा माणूस : लायडनचे डॉ. फोगेल



डच लोक आणि भारत म्हटले की आपल्याला आधी आठवते ती डच ईस्ट इंडिया कंपनी, मसाल्याचा व्यापार आणि फार तर वेंगुर्ल्याची डच वखार. पण याच देशातला एक माणूस असा होता की ज्याने भारतातून कुठलाही माल आणला नाही. त्याने आयुष्यभर गोळा केली ती माहिती, आणि ती कुणालाही सापडावी म्हणून तिच्या नीट याद्या करून ठेवल्या. त्यांचे नाव डॉ. जाँ फिलिप फोगेल (१८७१-१९५८). काही मराठी पुस्तकांत हे नाव व्होगेल असेही लिहिलेले दिसते. डच शिकणाऱ्या मंडळींना सांगायला नकोच की या आडनावाचा अर्थ पक्षी!

फोगेल यांचा जन्म ९ जानेवारी १८७१ चा, आपल्या डेन हागमधला. शिक्षण अ‍ॅम्स्टरडॅमला झाले आणि तिथेच संस्कृतची गोडी लागली. १८९७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा डच अनुवाद करून. हे वाचून आम्हाला फार गंमत वाटली. ज्या वसंतसेना-चारुदत्तांना आपण गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे ओळखतो, तीच जोडी त्याच सुमारास इथे डच भाषेत बोलू लागली होती.

पुस्तकातला भारत त्यांना पुरला नाही. विसावे शतक उजाडता उजाडता ते भारतात पोहोचले आणि १९०१ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्यात लागले. लॉर्ड कर्झनला जुन्या वास्तूंची काळजी होती, खात्यात नवा जीव येत होता, आणि १९०२ मध्ये जॉन मार्शल महासंचालक झाले. फोगेल यांच्याकडे पंजाबचा विभाग आला. त्यांनी कुशीनगरजवळ कसियाला १९०४ ते १९०७ या काळात उत्खनन केले. हिमालयातल्या चंबा संस्थानात फिरून शिलालेख आणि ताम्रपट वाचले. तिथले राजे भुरीसिंह यांच्या नावाचे संग्रहालय १९०८ मध्ये सुरू झाले, त्यामागेही फोगेल यांची खटपट होती. मार्शल रजेवर असताना काही काळ महासंचालकपदाचे कामही त्यांनी सांभाळले.

याच वर्षांत त्यांची एक सवय दिसू लागते. जिथे जातील तिथे आधी यादी! १९१० मध्ये मथुरेच्या संग्रहालयाची सूची प्रसिद्ध झाली. १९११ मध्ये चंबा संस्थानातील प्राचीन लेखांचा ग्रंथ आला. सारनाथच्या संग्रहालयाची सूची १९१४ मध्ये निघाली. ती दयाराम साहनी यांनी केली आणि प्रस्तावना फोगेल यांनी लिहिली. (हेच साहनी पुढे हडप्पाच्या उत्खननामुळे प्रसिद्ध झाले.) मूर्ती किती, कुठे सापडली, दगड कोणता, मापे काय, लेख असेल तर तो काय सांगतो, असे सगळे क्रमांक देऊन लिहायचे. वाचायला रुक्ष वाटते. पण मूर्ती उद्या हलली, फुटली किंवा चोरीला गेली तरी ती होती याचा पुरावा या सूचीतच राहतो.

१९१४ मध्ये लायडन विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून बोलावणे आले आणि फोगेल परत आले. याच अध्यासनावर पूर्वी हेंड्रिक केर्न होते. केर्न स्वतः तरुणपणी काशीला शिकवून आलेले. लायडनला आल्यावर फोगेल यांचा हॉलंडच्या ताब्यातल्या इंडोनेशियाशी अधिक संबंध येऊ लागला, आणि तिथे त्यांना एक ओळखीची वस्तू भेटली.

यज्ञात पशू ज्याला बांधतात त्या खांबाला यूप म्हणतात. मथुरेसमोर ईसापूरला यमुनेच्या पात्रात सापडलेल्या दगडी यूपांवर फोगेल यांनी भारतात असतानाच लिहिले होते. आता बोर्निओ बेटाच्या पूर्वेकडे, कुताई इथे सापडलेले यूप त्यांच्यासमोर आले. त्यांच्यावर संस्कृत लेख आणि मूलवर्मा नावाच्या राजाच्या दानाचे वर्णन. १९१८ मध्ये फोगेल यांनी या लेखांवर सविस्तर निबंध लिहिला आणि अक्षरांच्या वळणावरून त्यांचा काळ इ.स. ४०० च्या सुमाराचा ठरवला. इंडोनेशियातले हे सर्वांत जुने संस्कृत लेख समजले जातात.

आता जरा विचार करा. मथुरेचे यूप ज्या अहवालात छापले होते, तो बटाव्हियात बसलेल्या डच संशोधकाच्या हाती सहज पडणारा नव्हता. आणि बोर्निओच्या यूपांवरचे जुने लेखन डच भाषेत, म्हणजे पुण्या-कलकत्त्याच्या पंडिताला ते असून नसल्यासारखे. व्हिएतनाम-कंबोडियावरचे काम फ्रेंचमध्ये. एका गोष्टीची दोन टोके दोन माणसांकडे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! फोगेल यांना दोन्ही टोके दिसली, कारण ते दोन्हीकडे राहिले होते. पण प्रत्येकाने लाहोर आणि लायडन अशा दोन्ही ठिकाणी नोकरी करावी, ही काही व्यवस्था होऊ शकत नाही. व्यवस्था हवी तर यादी हवी.

१९२४ मध्ये फोगेल यांच्या पुढाकाराने लायडनला केर्न इन्स्टिट्यूट सुरू झाली. जावाच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक एन. जे. क्रोम यांची त्यांना साथ होती. पुस्तके, शिलालेखांचे ठसे आणि जुनी छायाचित्रे असा संग्रह तिथे वाढू लागला. आणि तिथूनच निघाली ती भारतीय पुरातत्त्वाची वार्षिक ग्रंथसूची. पहिला खंड १९२६ सालाचा, तो लायडनच्याच ब्रिल या प्रकाशनाने १९२८ मध्ये छापला.

या सूचीची रचना आमच्यासारख्या संगणकवाल्यांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी जगात कुठेही, कुठल्याही भाषेत या विषयावर निघालेले पुस्तक किंवा लेख शोधायचा. त्याला एक क्रमांक द्यायचा. लेखक, शीर्षक, गाव, साल, पाने, चित्रे लिहायची. मग आत काय आहे ते थोडक्यात सांगायचे आणि पुस्तकावर कुणी परीक्षण लिहिले असेल तर तेही तिथेच नोंदवायचे. विभाग प्रदेशानुसार : भारत, सिलोन, आग्नेय आशिया, इंडोनेशिया आणि शेजारचे देश. भारताच्या विभागात पुन्हा शिल्प, चित्रकला, शिलालेख, नाणी अशी वाटणी. सुरुवातीला त्या वर्षीच्या मोठ्या शोधांवर लेख आणि छायाचित्रे. आज याला आपण डेटाबेस म्हटले असते. त्यांनी तो पत्रे पाठवून, टपालाने पुस्तके मागवून आणि हाताने नोंदी लिहून उभा केला.

वेळही अचूक साधली होती. मोहेंजोदडो-हडप्पाचा शोध जगाला १९२४ मध्ये कळला आणि त्यानंतर लेखांचा पूर आला. मोहेंजोदडोत खणणाऱ्यांमध्ये आपले पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षितही होते, जे पुढे १९३७ मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. एखाद्या भारतीय संशोधकाचा लेख आपल्या प्रांतातल्या नियतकालिकात छापला जायचा. सूचीत तो युरोपातल्या नामवंतांच्या ग्रंथांच्या रांगेत, त्यांच्यासारखाच एक क्रमांक घेऊन उभा राहायचा. पारतंत्र्याच्या काळात ही बरोबरी लहान नव्हती.

फोगेल यांचे स्वतःचे लेखन थांबले नव्हते. भारतातील नागकथांवरचे त्यांचे पुस्तक १९२६ चे. नागार्जुनकोंड्याचे प्राकृत लेख त्यांनी वाचून प्रसिद्ध केले. पंजाबच्या पहाडी संस्थानांचा इतिहास हचिसन यांच्यासोबत लिहिला, तो १९३३ मध्ये दोन खंडांत निघाला. बहादुरचंद छाब्रा भारतातून त्यांच्याकडे शिकायला आले आणि परत जाऊन नामांकित शिलालेखतज्ज्ञ झाले. चंब्याच्या लेखांचा दुसरा भाग १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला तो याच छाब्रांचा. गुरूने १९११ मध्ये अर्धे ठेवलेले काम शिष्याने ४६ वर्षांनी पुढे नेले.

१९३९ मध्ये फोगेल निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात जर्मन सैन्य या देशात शिरले. नोव्हेंबर १९४० मध्ये लायडन विद्यापीठ बंद करण्यात आले. युद्धाच्या काळात दरवर्षीची सूची दरवर्षी काढणे शक्य राहिले नाही. अशा वेळी, एवढी वर्षे गेली तर गेली, असे म्हणून पुढे जाता आले असते. तसे झाले नाही. १९४० ते १९४७ अशा आठ वर्षांचा एकत्र खंड १९५० मध्ये निघाला. तेव्हा फोगेल ७९ वर्षांचे होते. यादीतली मधली वर्षे सोडली तर त्या वर्षांत काम करणारी माणसेही पुसली जातात, म्हणून या जाडजूड खंडाचे मोल आम्हाला फार वाटते.

१० एप्रिल १९५८ रोजी लायडनला लागूनच असलेल्या उखस्टखेस्टमध्ये फोगेल यांचे निधन झाले. त्यांचे शेवटचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९६२ मध्ये आले. विषय होता भारतीय साहित्य आणि कलेतील हंस. आडनावाला अगदी शोभेसा!

पुढे ही मालिका थांबली, पण १९९७ मध्ये लायडनच्याच आशिया अभ्यास संस्थेने ते काम नव्या रूपात, संगणकावर पुन्हा हाती घेतले.

महाराष्ट्रातही असा एक माणूस होऊन गेला : शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४० च्या दशकात प्रसिद्ध केली आणि १९५० पर्यंतची दुसरी १९६१ मध्ये. दातेंनी गावोगावची ग्रंथालये पालथी घातली नसती तर कितीतरी मराठी पुस्तकांचे आज नावही उरले नसते. दाते आणि फोगेल यांचे रस्ते वेगळे, पण दोघांना एकच गोष्ट कळली होती. ज्ञान निर्माण होऊन भागत नाही, ते कुठे ठेवले आहे हे पुढच्या माणसाला सापडावे लागते.

आपल्याला हे जरा जास्त लागू पडते. आपल्या घरांत आईवडिलांनी बॅगेतून आणलेली पुस्तके आहेत, गणेशोत्सवाच्या स्मरणिका आहेत, नाटकांच्या हस्तलिखित संहिता आहेत. मुलांना मराठी वाचायला जड जाते. उद्या ही कपाटे त्यांनी उघडली तर त्यांना काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे कसे कळणार? प्रत्येक पुस्तकापुढे लेखक, साल आणि ते घरात कुठून आले याची एक ओळ, एवढी साधी यादी एका रविवारी होऊ शकते.

केर्न इन्स्टिट्यूटचा संग्रह आता लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिथली एशियन लायब्ररी २०१७ मध्ये राणी माक्सिमा यांच्या हस्ते सुरू झाली. लायडनला ट्युलिप बघायला जाणाऱ्या पाहुण्यांना एकदा या बाजूलाही जरूर न्या. आणि सूचीचा एखादा जुना खंड मागवून सहज कुठलेही पान उघडा. कुठलातरी विसरलेला भारतीय अभ्यासक आपला क्रमांक घेऊन तिथे नक्की भेटेल.